चार मिनिटांची मुंज

2019 च्या पुरात कृष्णामाई आमच्या घरात टेबलाच्या उंचीपर्यंत आली. तेव्हा फ्रिजपासून सासूबाईंपर्यंत सगळ्यांना आम्ही धावपळ करून वरच्या मजल्यावर नेलं. काकाची पत्र्याची ट्रंक मात्र कुणाला आठवलीही नाही. ती आधीपासूनच माळ्यावर होती. पूर ओसरल्यावर गाळ काढताना ती खाली आली आणि माझ्या संसारात दुसरा पूर शिरला.

काका बोटीवर नोकरीला होता. कुठल्या तरी बंदरातून त्यानं सिनेमाचा छोटा कॅमेरा आणला होता, ही घरातली दंतकथा. ट्रंकेत पुरीएवढ्या पाच चकत्या निघाल्या. त्यांवर गुंडाळलेली फिल्म पायजम्याच्या नाडीएवढी. एका डबीवर काकाच्या अक्षरात लिहिलेलं : 'बाळूची मुंज, 1973'. बाळू म्हणजे आमचा दादा. ट्यूबलाइटसमोर धरल्यावर मुंगीएवढा दादा मांडवात दिसला आणि मी ठरवलं, हा सिनेमा भिंतीवर पाहायचाच.

"अहो, व्हिनेगरची बाटली फुटली का कुठं?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

फुटली नव्हती. पाचातल्या एका चकतीची फिल्म आतून विघटन पावत होती, आणि तसं झालं की अशा फिल्मला आंबूस वास सुटतो. ती बाकीच्यांपासून वेगळी ठेवावी लागते, नाहीतर अढीतल्या नासक्या आंब्यासारखी शेजाऱ्यांनाही बाधते. मी तिला गच्चीवरच्या खोलीत हलवलं. सासूबाईंची खोली तिच्या शेजारीच. त्यांना हे अजून सांगितलेलं नाही.

मग प्रोजेक्टर. जुन्या मालाच्या जाहिरातींची भाषा वेगळी असते, हे मला पैसे घालवून कळलं. 'चालू स्थितीत' म्हणजे दिवा लागतो. 'तपासलेला नाही' म्हणजे तपासला, चालला नाही. 'शोपीस म्हणून उत्तम' हे एकच वाक्य खरं. पहिला प्रोजेक्टर कोल्हापूरहून आणला. मोटर फिरली, दिवा लागला, आणि फिल्म आत घातल्यावर घास लागल्यासारखा कर्रर्र आवाज आला.

तेव्हा फिल्म पुढं सरकावी म्हणून तिच्या कडेला पाडलेल्या भोकांचं प्रकरण समजलं. आठ मिलिमीटरची फिल्म दोन जातींची. जुनी 'रेग्युलर' कोडॅकनं 1932 मध्ये काढली. ती मुळात सोळा मिलिमीटर रुंद. आधी एका कडेनं शूटिंग करायचं, मग रीळ उलटवून दुसऱ्या कडेनं, आणि धुतल्यावर लॅबवाले नऊवारी फाडून दोन पातळं करावीत तशी ती मधोमध चिरायचे. तिची भोकं ऐसपैस. 1965 मध्ये 'सुपर' आली. तिची भोकं बारीक, त्यामुळे चित्राला जास्त जागा. काकाची फिल्म रेग्युलर, माझा प्रोजेक्टर सुपर. पत्रिकाच जुळत नव्हती. पुढचे आठ दिवस मी भिंग घेऊन बसलो. "भोकं मोजताय?" असं विचारून बायको निघून गेली. उत्तराची तिला गरज नव्हती.

दुसरा प्रोजेक्टर भोकांची खात्री करून घेतला. तो अमेरिकेहून कुणाच्या तरी मुलानं आणलेला, म्हणजे 110 व्होल्टचा. आपल्याकडचे 230 त्याला झेपले नाहीत. फट्ट! एवढंच बोलला बिचारा.

अखेर गल्लीतल्या एका काकांना शरण गेलो. त्यांनी टॉकीजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेली, तीही कार्बन पेटवून उजेड पाडायच्या काळापासून. त्यांनी चकती बोटांत धरली.

"ह्ये काय? बाहुलीच्या लग्नाचा शिनेमा?"

पण तिसरं यंत्र त्यांनीच पसंत केलं. दोन्ही जातींना चालणारं, बाजूला आर आणि एसचा खटका, बारा व्होल्टचा दिवा. आतला रबरी पट्टा वितळून काकवी झाला होता. तो टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्याकडून नवा घातला. शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब. मग काकांनी फिल्म ओवली आणि गेटच्या, म्हणजे दिव्यासमोरच्या खिडकीच्या, वर-खाली तिला थोडा सैलपणा ठेवला. "ह्यो लूप. ह्यो ताठ झाला की फिल्म तुटली म्हणून समज. आनि ध्यानात ठेव, चालत्या फिल्मला काय हुईत नाही. एका जागी हुबी केलीस की दिवा तिला भाजतोय." उष्णता अडवणारी जाळी आमच्या यंत्रातून कधीच गळून पडली होती.

रविवारी संध्याकाळी भिंतीवर चादर. दादा, वहिनी, आत्या, गल्लीतली पोरं आणि भडंगाची परात. पन्नास फूट फिल्म, सेकंदाला सोळा चित्रं, म्हणजे जेमतेम चार मिनिटं. त्यासाठी माझे पाच महिने गेले होते. पण चादरीवर पिवळाधमक मांडव उमटला आणि आत्या "अगंबाई" म्हणून उभीच राहिली. कोडाक्रोम या कोडॅकच्या रंगीत फिल्मचा रंग अंधारात ठेवला तर टिकतो म्हणतात, तो टिकला होता. पाटावर आठ वर्षांचा दादा, समोर न्हावी, मांडीवर केसांचा ढीग. मागे मी, वय पाच, पेढ्यासाठी रडतोय. आवाज नाही, पण आत्यानं तो पुरवला.

"उलटा लावा, उलटा!" पोरं ओरडली. खटका मागं ओढला. पेढा माझ्या तोंडातून बाहेर आला आणि आजीच्या हातात गेला. मांडीवरचे केस उडाले. न्हाव्याचा वस्तरा फिरेल तिथं दादाच्या डोक्यावर केस उगवू लागले. इकडे खुर्चीत बसलेल्या, पन्नाशी ओलांडलेल्या दादानं नकळत आपल्या गुळगुळीत टकलावरून हात फिरवला. चादरीवर आता पूर्ण, दाट, काळंभोर जावळ.

"थांबव!" दादा म्हणाला. "तिथंच थांबव."

घरातला थोरला माणूस. मी थांबवलं.

दोन सेकंद सगळे गप्प. मग दादाच्या बरोबर टाळूवर एक तपकिरी ठिपका उमटला, कडेनं बुडबुडे येत तो पसरत गेला, आणि केस पुन्हा गेले.

ऑपरेटर काकांनी भडंगाचा बकाणा भरला. "सांगितलं हुतं," म्हणाले.