मनिलातले बालपण आणि आणीबाणीची पन्नाशी

जून २०२५ मध्ये आणीबाणीला पन्नास वर्षे झाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या वृत्तपत्रांत, व्याख्यानांत आणि नातेवाइकांच्या बोलण्यात एक वाद मी सतत ऐकतो आहे. एका बाजूला २५ जून हा ‘संविधान हत्या दिवस’ म्हणून पाळणारे सरकार आहे; दुसऱ्या बाजूला माझ्याच वयाची, म्हणजे १९७५ साली शाळेत असलेली, पुष्कळ माणसे आहेत, जी मनापासून सांगतात की ते दिवस चांगले होते, गाड्या वेळेवर धावत, कचेरीत माणसे जागेवर सापडत आणि रात्री दार लोटून घेतले तरी पुरत असे. मी दीर्घकाळ फिलिपिन्समध्ये, मनिलाला लागून असलेल्या केसोन सिटीत राहतो. इथे राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीबद्दल हाच वाद आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने झाला आणि त्याचा निकाल मतपेटीतून लागला. त्यामुळे मला जे म्हणायचे आहे, ते इथल्या लोकांच्या बालपणाच्या आठवणींपासूनच सुरू करतो.

माझ्या पिढीतले फिलिपिनो बालपणाविषयी बोलू लागले की ऐकत राहावेसे वाटते. सकाळी ‘ताहोऽऽ’ अशी लांब हाळी देत, कावडीला दोन डबे लटकवून येणारा विक्रेता आणि त्याच्याकडचे सोयाबीनचे गरम, लिबलिबीत दही, वर गुळाचा पाक आणि साबुदाणा. कोपऱ्यावरचे सारी-सारी दुकान, जिथे लसणाची एक कुडी, एक सिगारेट किंवा वाटीभर तेलही सुटे मिळे आणि वहीवर मांडले जाई. दुपारी आजीच्या धाकाने डोळे मिटून पडून राहणे, आणि ऊन उतरताच रस्त्यावर पाण्याने रेघा ओढून मांडलेला पातिंतेरो. तो खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी जागीच थबकलो, कारण त्या आपल्या आट्यापाट्याच होत्या. पाट्या अडवणारा तसाच हात पसरून उभा, आणि हुलकावणी देणारा तसाच कमरेत वाकलेला. गोट्या आहेत, ठिकरी आहे. वडीलधारे भेटले की त्यांचा हात आपल्या कपाळाला लावण्याची रीत आहे. सप्टेंबर लागताच नाताळची गाणी सुरू होतात, आणि १६ डिसेंबरपासून नऊ दिवस पहाटेच्या अंधारात चर्चला जायचे असते. प्रार्थनेइतकीच ओढ असते ती बाहेरच्या अंगणात निखाऱ्यावर भाजलेल्या तांदळाच्या केकची, म्हणजे बिबिंकाची, आणि बांबूच्या नळीत वाफवलेल्या जांभळ्या तांदळाच्या पुतो बुंबाँगची. शाळा जूनमध्ये, पहिल्या पावसात सुरू होई, हे तर मला कोणी वेगळे सांगण्याची गरजच नव्हती.

या आठवणी खऱ्या आहेत आणि त्यांच्यातला गोडवाही खरा आहे. माझी हरकत त्यांच्या पुढच्या वाक्याला आहे. ते वाक्य बहुतेक वेळा असे येते की तेव्हा देशात शिस्त होती, रस्ते स्वच्छ होते, आम्ही रात्री उशिरापर्यंत निर्धास्त खेळत असू, आणि हे सारे मार्कोस यांच्यामुळे होते. फर्डिनांड मार्कोस यांनी सप्टेंबर १९७२ मध्ये लष्करी कायदा पुकारला; तो कागदोपत्री जानेवारी १९८१ मध्ये उठला, पण त्यांची सत्ता संपली ती फेब्रुवारी १९८६ मध्ये, लाखो लोक मनिलाच्या एद्सा मार्गावर उतरले तेव्हा. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलच्या नोंदींप्रमाणे या काळात सुमारे ७०,००० लोक तुरुंगात गेले, ३४,००० जणांचा छळ झाला आणि ३,२४० जण मारले गेले. मे २०२२ मध्ये त्याच मार्कोस यांचा मुलगा ३ कोटी १० लाखांहून अधिक मते मिळवून राष्ट्राध्यक्ष झाला. ‘सुवर्णयुगा’च्या आठवणी त्या प्रचाराचा मोठा भाग होत्या, आणि ते युग पाहिल्याचे सांगणाऱ्यांपैकी कितीतरी जण तेव्हा पातिंतेरो खेळण्याच्या वयाचे होते.

बालपणाच्या आठवणीतले श्रेय कसे भलत्याच्या नावावर जमा होते, हे मला न्यूट्रीबनच्या गोष्टीतून सर्वांत स्पष्ट दिसले. सत्तरच्या दशकात सरकारी शाळांमध्ये मुलांना हा जाडजूड, भरीव पाव मिळे. चवीबद्दल दुमत आहे, पण तो हातात आल्याचा आनंद सगळ्यांना आठवतो, आणि पुष्कळांच्या आठवणीत तो मार्कोस दांपत्याने दिलेला पाव आहे. प्रत्यक्षात ही योजना अमेरिकेच्या यूएसएड या मदतसंस्थेच्या अन्नसाहाय्यावर चालली होती. १९७२ च्या महापुरात हे पाव वाटले गेले तेव्हा पिशव्यांवर इमेल्डा मार्कोस यांच्या नावाचे शिक्के मारले गेले होते. मुलाला पाव दिसतो आणि पिशवीवरचे नाव दिसते. तो पाव शाळेत वाटावा लागण्याइतके कुपोषण देशात का होते, हे त्याला दिसत नाही आणि ते त्याने पाहावे अशी अपेक्षाही नाही. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि लाल मिलोच्या भाकरी ज्यांच्या आठवणीत आहेत, त्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. सुकडीच्या आठवणीने आजही काहींच्या तोंडाला पाणी सुटते, पण त्यांच्या आईला विचारले असते तर तिने खडी फोडल्याचे सांगितले असते.

आणखी एक आठवण आम्हा भारतीयांच्या जवळची आहे. इथली मुले हट्ट करू लागली की आई म्हणे, ‘बुंबाय येईल आणि तुला पोत्यात घालून नेईल.’ बुंबाय म्हणजे मोटारसायकलवरून दारोदार फिरणारा भारतीय सावकार, जो पाच पेसो देऊन सहा परत घेतो. आज साठीला आलेल्या बायका मला हे सांगून खळखळून हसतात, आणि मुंबईकडचा माणूस म्हणून मीही त्यांच्यात सामील होतो. परंतु त्या सावकाराने दारात यावे असे त्या घरात काय घडत होते, हा प्रश्न माझा पिच्छा सोडत नाही. मूल पलंगाखाली लपे तेव्हा आई दारात उभी राहून पुढच्या आठवड्याचा वायदा करत असे. त्या दशकांत राजवटीने परदेशातून उचललेले कर्ज वाढत जाऊन शेवटी २५ अब्ज डॉलरच्या पुढे गेले. १९८३ मध्ये विरोधी नेते बेनिग्नो अकिनो यांची मनिलाच्या विमानतळावर हत्या झाल्यावर अर्थव्यवस्था कोसळली आणि १९८४ मध्ये महागाईचा दर ५० टक्क्यांच्या घरात गेला. हे आकडे मुलांपर्यंत पोहोचले नाहीत, कारण घरातल्या बायकांनी ते पोहोचू दिले नाहीत.

वडिलांच्या बाबतीतही तेच झाले. १९७४ च्या कामगार संहितेने परदेशी नोकरभरतीला सरकारी धोरणाचे रूप दिले आणि हजारो पुरुष सौदी अरेबियाच्या बांधकामांवर गेले. मुलांना आठवतात ती मोठ्या खोक्यातून आलेली चॉकलेटे, डबाबंद मांस, नवे बूट, आणि वडिलांनी आवाज भरून पाठवलेल्या कॅसेटी, ज्या सारे घर टेपरेकॉर्डरभोवती बसून ऐके. कोकणातल्या कितीतरी घरांनी मुंबईच्या मनीऑर्डरवर अशीच वर्षे काढली आहेत. त्या चॉकलेटांचा आनंद लटका नव्हता. पण देशात रोजगार नव्हता म्हणून बाप घरात नव्हता, आणि त्याच काळाला आज भरभराटीचा काळ म्हटले जाते, हे मला पटत नाही.

मुलांपर्यंत त्या राजवटीचा हात थेट पोहोचला असा एकच प्रसंग माझ्या ओळखीचे बहुतेक सगळे जण सांगतात. ‘व्होल्टेस फाइव्ह’ ही जपानी व्यंगचित्रमालिका १९७८ पासून दर शुक्रवारी लागत असे आणि त्या वेळी गल्ल्या ओस पडत. ऑगस्ट १९७९ मध्ये, शेवटचे काही भाग उरले असताना, मार्कोस यांनी हिंसाचाराचे कारण देऊन ती बंद केली. जुलमी साम्राज्याविरुद्धचा लढा निर्णायक टप्प्यावर आलेला असतानाच पडदा कोरा झाला, आणि शेवट पाहण्यासाठी त्या मुलांना कित्येक वर्षे थांबावे लागले. हा प्रसंग सांगताना पन्नाशी-साठीतल्या माणसांच्या आवाजात आजही राग असतो. मला त्या रागाचा आदर वाटतो, कारण त्या काळाविषयी त्यांनी स्वतः अनुभवलेली आणि मोठ्यांनी झाकून न ठेवलेली अशी ती एकमेव राजकीय गोष्ट आहे.

ज्यांच्यावर पांघरूण घालायला कोणी उरले नाही अशीही मुले होती. फेब्रुवारी १९७४ मध्ये देशाच्या दक्षिणेकडच्या सुलू बेटांवरचे होलो शहर लष्कर आणि मोरो, म्हणजे तिथले मुस्लिम, बंडखोर यांच्या लढाईत जळून खाक झाले. तिथल्या मुलांना त्या दशकाबद्दल विचारले तर आट्यापाट्या आठवणार नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर साखरेचे भाव गडगडले आणि नेग्रोस बेटावरच्या ऊसमजुरांची मुले उपासमारीने हाडांचे सापळे झाली. हीसुद्धा फिलिपिनो बालपणेच होती. आठवणींच्या मैफलीत त्यांचा आवाज येत नाही, कारण त्यातले काही मोठे झालेच नाहीत, आणि जे झाले त्यांना मनिलातल्या मध्यमवर्गीय दिवाणखान्यात कोणी बोलावत नाही.

आता आपल्याकडे येतो. आणीबाणीच्या वर्षांत मी एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत शिकत होतो. त्या काळातली माझी सर्वांत आनंदाची आठवण अशी की आमचे गुरुजी वारंवार गैरहजर असत आणि आम्हाला तासन्‌तास मैदानावर सोडलेले असे. पुढे कळले की नसबंदीच्या ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट शिक्षकांना दिलेले होते आणि त्यासाठी ते वाड्यावस्त्यांवर हिंडत होते. १९७६-७७ या एका वर्षात देशभर ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूरही केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून तो कायदा झाला नाही. त्याच वर्षीच्या मे महिन्यात मुंबईत मानखुर्दची जनता कॉलनी पाडून तिथल्या सुमारे ७०,००० लोकांना ट्रॉम्ब्याच्या चीता कॅम्पात नेऊन टाकले गेले. त्या वस्तीत माझ्याच वयाची हजारो मुले होती. तेव्हा गाड्या वेळेवर धावत असतील. पण ‘ते दिवस चांगले होते’ हे वाक्य त्या मुलांच्या वतीने बोलण्याचा अधिकार मला नाही.

माझ्या पिढीला माझे सांगणे एवढेच आहे की आपण आपल्या बालपणावर मनसोक्त प्रेम करावे, मात्र त्याची साक्ष राजवटीच्या बाजूने काढू नये. आपल्याला जी सुरक्षितता आठवते ती कोणा पंतप्रधानांनी किंवा राष्ट्राध्यक्षांनी दिलेली नव्हती. शेजारच्या काकू गॅलरीतून लक्ष ठेवत होत्या, आजी दाराशी बसून होती, वडील चिंता घराबाहेर ठेवून आत येत होते, आणि न बोलण्याच्या गोष्टी आपण झोपल्यावर बोलल्या जात होत्या.

फिलिपिन्सने या बाबतीत एक मोलाचे काम केले आहे. २०१३ च्या कायद्याने लष्करी कायद्याच्या काळातल्या अत्याचारग्रस्तांसाठी मंडळ नेमले गेले, मार्कोस यांच्या स्विस खात्यांतून परत मिळालेल्या रकमेतले १० अब्ज पेसो भरपाईसाठी ठेवले गेले, आणि एकेक दावा तपासून ११,१०३ जणांना पीडित म्हणून अधिकृत मान्यता मिळाली. तरीही २०२२ चा निकाल लागायचा तो लागला, आणि २०२३ मध्ये सहावीच्या अभ्यासक्रमात ‘मार्कोस हुकूमशाही’ या शब्दांतले मार्कोस हे नाव गळून नुसती ‘हुकूमशाही’ उरली. यादी असूनही हे घडले, म्हणून यादीचे मोल कमी होत नाही. ज्यांना हे नाकारायचे आहे त्यांना निदान ११,१०३ नावांच्या समोर उभे राहून नाकारावे लागते.

महाराष्ट्रात आपण काय केले? आणीबाणीत तुरुंगवास भोगलेल्यांना २०१८ मध्ये मानधन सुरू झाले, सरकार बदलल्यावर २०२० मध्ये ते बंद झाले, पुन्हा सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये ते परत सुरू झाले. ज्यांनी तुरुंग सोसला त्यांचा सन्मान व्हावा याबद्दल माझ्या मनात शंका नाही, आणि तो सत्ताधारी पक्षाच्या मर्जीवर टांगलेला असू नये असेही मला तितक्याच कळकळीने वाटते. परंतु ज्याची नसबंदी उद्दिष्टापोटी झाली तो शेतमजूर, जिचे घर एका दिवसात पाडले गेले ती जनता कॉलनीतली बाई, आणि पगार अडवण्याच्या धमकीखाली दारोदार फिरलेले माझे गुरुजी या योजनेत कुठेच बसत नाहीत. १९७५ साली तिशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची जबानी गावागावातून, नावानिशी आणि तारखांसकट नोंदवून घेण्याचे काम विद्यापीठांनी, ग्रंथालयांनी आणि साहित्य संस्थांनी याच दोन-चार वर्षांत हाती घेतले पाहिजे. आणि तोवर आपल्यापैकी ज्यांचे आईवडील हयात आहेत त्यांनी त्यांच्याशेजारी बसून, आपण शाळेत होतो तेव्हा घरात नेमके काय चालले होते, हे विचारायला सुरुवात केली पाहिजे.