नमुना परत टाकायचा नसतो

काल पानठेल्यावर सुपारी घेत होतो, तर गावातल्या एका पोट्ट्यानं, ज्याला मी शेंबूड ओढताना पाहिलंय, सगळ्यांदेखत विचारलं, "भाऊ, तुमच्या मालात पाणी किती असते म्हंता?"

माझा माल म्हणजे काय, तर वीस लिटरचा एक जार. लग्नात थंड पाण्याचे येतात ना, निळे, तसला. त्यात संत्र्याचा रस आंबत ठेवलाय. सिरका करायचाय. मृग बहाराची मोठी फळं व्यापारी घेऊन गेला, बारकी बांधावर सोडून गेला आणि मला व्हिडिओ पाहायची सवय आहे, एवढंच याचं कारण. सिरका व्हायचा तर आधी रसातल्या साखरेची दारू व्हावी लागते आणि मग त्या दारूचा सिरका. मधला टप्पा टाळता येत नाही. हे मी घरात तीनदा समजावलं. बायको म्हणाली, "मधल्या टप्प्यावरच थांबणारे लय पायले मी." त्यात आमचा वर्धा जिल्हा. सेवाग्राममुळे दारूबंदीचा. आणि होळी आठवड्यावर.

आता रस आंबतोय की रुसलाय हे वरून कळत नाही. त्यासाठी हायड्रोमीटर. काचेची नळी, खाली शिसाचे छर्रे, वर कागदाची पट्टी. गोड रसात ती वर तरंगते, साखर संपत गेली की बुडत जाते. साधं पाणी 1.000 धरतात, माझा रस पहिल्या दिवशी 1.042 होता. आकडा खाली खाली येत दोन-तीन दिवस एकाच जागी थांबला, की समजायचं काम झालं. पण हायड्रोमीटर तरंगायला उभ्या नळीत शंभरेक मिलि रस लागतो. तो जारातून काढायचा कसा? जाराचं तोंड एवढंसं, ओगराळं जात नाही. जार आडवा करावा तर तळाचा गाळ उठतो.

त्यासाठीही एक यंत्र असतं. नाव काय, तर वाईन थीफ. म्हणजे दारूचोर. यंत्र कसलं, लांब नळीच ती. आत बुडवायची, वरचं भोक अंगठ्यानं दाबायचं, उचलायची. अंगठा सोडेपर्यंत थेंब सांडत नाही. पिंपातली वाईन चाखायला ती अशीच वापरतात. मी ऑनलाइन मागवली. कुरिअरवाल्या पोरानं चौकात उभं राहून पाकिटावरचं नाव मोठ्यांदा वाचलं, आणि दारूबंदीच्या जिल्ह्यात दारूचोर मागवणारा मी पहिला मनुष्य ठरलो. पाकिटात चोराचे दोन तुकडे होते. कंपनीला कळवलं तर म्हणे, न फुटलेल्या अवस्थेतला फोटो पाठवा.

मग पपईच्या पानाचा देठ घेतला. आतून पोकळ, लांबीला बरोबर. अंगठा दाबला, उचलला, रस आला! पण रसाला हिरवा चिकाचा वास लागला, म्हणून तो नाद सोडला. तोंडानं नळी ओढून पाहावं तर तोंडातले जंतू आत जातात म्हणे. शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडून बैलाला टोचायची पन्नास मिलिची कोरी सिरिंज आणली, सुई काढली, पुढं सलाईनची नळी बसवली. उकळत्या पाण्यातून काढायची, जारात सोडायची, दट्ट्या ओढायचा. दोन दट्ट्यांत शंभर. दारूचोराच्या तोंडात मारेल असं हत्यार.

हे सगळं मी ओसरीत करत होतो, ही माझी चूक. कारण ओसरीसमोरून रोज सकाळी काकाजी जातात.

काकाजी म्हणजे आमच्या गावच्या दूध केंद्रावरचे माजी लॅक्टोमीटर. माणूस नव्हे, लॅक्टोमीटरच. दुधात पाणी किती हे दाखवणारी ती काचेची नळी तीस वर्षं त्यांनी गावाच्या दुधात बुडवून पाहिली. निवृत्त झाले तरी वस्तूकडं पाहताना मान किंचित वाकडी करून, डोळा पातळीला आणून पाहतात. नात दाखवायला आणली तरी तसंच. त्या दिवशी माझ्या नळीत काच तरंगताना दिसली आणि ते चपला न काढता वर आले.

"हे लॅक्टोमीटर कोनाचं होय बे?"

"लॅक्टोमीटर नाही काकाजी, हायड्रोमीटर."

"मले नको शिकवू." त्यांनी खाली बसून मान वाकडी केली. "बावीस."

आकडा खरंच 1.022 होता. लॅक्टोमीटरवर पुढचं एक आणि शून्य लिहीतच नाहीत, नुसतं बावीस. मोजमाप एकच, जात एकच. चांगलं दूध अठ्ठावीसच्या वर असतं. त्यामुळं काकाजींनी तीस वर्षं जे वाक्य म्हटलं तेच म्हटलं, "पानी हाये यात."

"काकाजी, हा संत्र्याचा रस आहे. साखर कमी होते तसा आकडा..."

"पानी हाये."

"आंबतोय तो. सिरका करतोय मी."

"करशीन. पन पानी कायले टाकलं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. यीस्ट साखर खाते, दारू पाण्याहून हलकी असते, हे यंत्र वीस अंश तापमानाला बनवलेलं आहे, आपल्याकडं वीस अंश थंडीतच असतात, आज पस्तीस आहेत, म्हणून चार अंक मिळवायचे. शेवटचं मात्र त्यांना पटलं. "म्हंजे सव्वीस," ते म्हणाले. "म्हंजे थोडं कमी पानी." काचेला चिकटलेले बुडबुडे तिला वर उचलतात, म्हणून मी ती भोवऱ्यासारखी फिरवली. ती एक अंक खाली बसली. काकाजींनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्यादेखत पाण्याचा लोटा ओतला.

मोजून झालं. नळीतला रस जारात परत ओतायचा नसतो, नाहीतर बाहेरचे जंतू आत जाऊन सगळा माल नासतो. मी तो अंगणात फेकायला निघालो, तर काकाजींनी नळीच धरली. "फेकतं काहून? नमुना फेकत नसतेत." आणि प्यायले. दोन घोटांत. मिशी पुसून म्हणाले, "पानी टाकलं हाये, पन गोडी हाये."

त्यानंतर ते रोज आले. मला रोज मोजायची गरज नव्हती, पण काकाजी ओसरीत येऊन बसत आणि "नमुना काढ" म्हणत. चौदा. "काल कोन टाकलं?" आठ. "रात्री झोपतेस का तू?" दोन. "अबे, एवढं तं तुह्या मायनंबी नोतं टाकलं!"

इथं मला खरंच राग आला, अजूनही आहे. कारण माझ्या मायनं कधीच पाणी टाकलं नव्हतं. आमची म्हैस एका उन्हाळ्यात आजारी होती, दूध पातळ आलं, आणि याच काकाजींनी रांगेत सगळ्यांसमोर "चोवीस, पानी" म्हणून केटली परत केली होती. आई दूध घेऊन घरी आली आणि त्या दिवशी कोणाशी बोलली नाही. केटली परत केली, पण मापाला काढलेलं दूध परत केलं नाही. ते नमुन्याच्या वेगळ्या भांड्यात गेलं. रोज सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या केटलीतून थोडं थोडं त्या भांड्यात जायचं आणि केंद्रावर दाट चहा व्हायचा. तो आम्ही कधी प्यायलो नाही.

तसं पाहिलं तर शेतकऱ्याचं आयुष्यच नमुने देण्यात जातं. कापसाची गाडी लावली, की खरेदीदार खांद्यापर्यंत हात घालून मूठभर कापूस काढणार, रेशा ताणून पाहणार, ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की तोंड वाकडं करणार, आणि ती मूठ खाली टाकणार. सोयाबीनच्या पोत्यात टोकदार लोखंडी नळी खुपसून ओंजळभर दाणे काढणार, मीटरमध्ये भरणार, बारा टक्के, बारा टक्के म्हणत भाव पाडणार. ओंजळ राहते तिथंच. संध्याकाळी झाडून जमा करतात, त्याची पोती होतात. ती कोणाच्या घरी जातात हे विचारायचं नसतं. एवढं करून आपल्या हाती काय, तर गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. त्यावरही बोजा.

म्हणून मला वाटलं होतं, निदान हा जार माझा. नमुना मीच काढणार, आकडा मीच वाचणार.

तर दहाव्या दिवशी काच शून्याच्या खाली गेली. 0.998. मला आनंद झाला, कारण रस असाच संपतो. दारू हलकी, म्हणून पाण्याच्याही खाली. काकाजी मात्र गप्प. मान वाकडी केली, सरळ केली, चष्मा पुसला. मग काही न बोलता उठले आणि घरून स्वतःचं लॅक्टोमीटर घेऊन आले. जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळलेलं, पट्टी पिवळी पडलेली, शून्यापासून सुरू होणारी. त्यांनी ते अलगद नळीत सोडलं. ते बुडालं. शून्य आत गेलं, वरचं कोरं टोक तेवढं राहिलं.

"पान्यात पानी," ते हळूच म्हणाले. "तीस वर्सांत असं पायलं नाही बाप्पा."

मग त्यांनी नळी तोंडाला लावली. सावकाश प्यायले. थोडा वेळ भिंतीला टेकून बसले. "नमुना दुबार घ्या लागते," म्हणाले. दुबार घेतला.

आणि तिथून उठून ते थेट पानठेल्यावर गेले. मी दारू गाळतो असं त्यांनी सांगितलं असतं तर एक वेळ चाललं असतं. महिला मंडळाच्या बाया आल्या असत्या, मी जार दाखवला असता, विषय मिटला असता. त्यांनी सांगितलं, मी पाणी टाकतो. पाण्यातही पाणी टाकतो. बाया आल्याच नाहीत. एक जण रस्त्यात भेटली तेव्हा म्हणाली, "तुमच्या घरी कायले येऊ भाऊ, त्यात हाये काय?"

जारात अठरा लिटर भरला होता. काल गाळाचा दीड लिटर वेगळा काढून मोजला तर सव्वापंधरा. बाकीचा नमुना.

आता तो रुंद तोंडाच्या बरणीत ओतून, जुन्या सिरक्याचं विरजण घालून, वर फडकं बांधून ठेवलाय. याला हवा लागते, वेळ लागतो. महिना-दोन महिन्यांत असा आंबट होईल की दात शिवशिवतील. सकाळी काकाजी ओसरीत येऊन बरणीकडं मान वाकडी करून बसले होते.

"सिरक्यालेबी नमुना लागते का रे?"

"लागते ना काकाजी," मी म्हणालो. "घरून मोठा गिलास घेऊन या."