चौदा गावांचं सांडपाणी आणि आयर्लंडच्या टाक्या

पारसिक डोंगरापलीकडची चौदा गावं नवी मुंबई महापालिकेत पुन्हा घेणार, असं २०२२ मध्ये विधानसभेत जाहीर झालं. तेव्हापासून ऐरोलीच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच तक्रार ऐकू येते: आमच्या मालमत्ता करातून त्यांची गटारं कशाला? तक्रार ग्रुपपुरती नाही. या गावांचा बोजा नवी मुंबईवर नको म्हणून नवी मुंबईचे नेते गणेश नाईक यांनीही उघड विरोध केला. तिकडे गावात राहणारे माझे मामा म्हणतात, "२००७ ला आम्हीच कर नको म्हणून बाहेर पडलो, मान्य. पण तेव्हा एवढ्या चाळी होत्या का गं इथे?"

मी राहते आयर्लंडमधल्या गॉलवेजवळच्या खेड्यात. घराला गटाराची लाइन नाही. मागे सेप्टिक टँक, पुढे बोअर. युरोपात असं असतं हे ऐरोलीत कुणाला पटत नाही, पण आयर्लंडमध्ये अशी सुमारे पाच लाख घरं आहेत. आणि भांडण हुबेहूब आपल्यासारखंच आहे.

या टाक्यांवर देखरेख ठेवणारा धड कायदाच तुमच्याकडे नाही, असं युरोपीय न्यायालयाने आयर्लंडला २००९ मध्ये सुनावलं. २०१२ मध्ये कायदा झाला, टाकीच्या नोंदणीला ५० युरो फी लागली आणि खेडोपाडी संताप उसळला. शहरवाल्यांची गटारं सरकारी पैशातून आणि आमची टाकी आमच्या खिशातून, वर फीसुद्धा आम्हीच भरायची? शेवटी लवकर नोंदणी करणाऱ्यांसाठी फी ५ युरोवर आली. तोवर उशीर व्हायचा तो झालाच होता. त्या डिसेंबरात न्यायालयाने २० लाख युरोंचा दंड ठोकला, शिवाय पूर्तता होईपर्यंत रोजचे १२,००० युरो वेगळे.

पुढच्या वर्षी दुरुस्तीसाठी अनुदान आलं, कमाल ४,००० युरो. २०२० मध्ये ते ५,००० झालं आणि २०२४ पासून १२,०००. खर्चाच्या ८५ टक्क्यांपर्यंत सरकार देतं. म्हणजे एका घराच्या टाकीला दहा लाख रुपयांहून जास्त.

आता आपल्याकडचे आकडे. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावाला सांडपाण्यासाठी माणशी २८० रुपये ठरले. दोन हजार वस्तीचं गाव धरा: ५ लाख ६० हजार. त्यातलाही ३० टक्के वाटा ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या निधीतून घालायचा. आयर्लंडमधल्या एका घराची टाकी आपल्या अख्ख्या गावाच्या सांडपाण्यापेक्षा महाग! इथली मजुरी आणि तिथली मजुरी यांची तुलना होत नाही, हे कबूल. तरी आकडे शेजारी ठेवले की डोळे विस्फारतात.

पण आयर्लंडचे गोडवे गाण्याआधी थांबा. बहुतेक घरांना हे अनुदान केव्हा मिळतं? तपासणीसाठी तुमचं घर निवडलं गेलं आणि टाकी नापास झाली, की मग. पाच लाख टाक्या आणि वर्षाला तपासण्या हजार-बाराशे. या हिशेबाने माझी पाळी यायला चारशे वर्षं लागतील. तपासलेल्यांपैकी निम्म्याच्या आसपास नापास होतात. नद्यांच्या काही ठरावीक पाणलोटात राहणाऱ्यांना थेट अर्ज करता येतो. बाकीच्यांनी स्वतःहून "माझी टाकी गळते, मदत करा" म्हटलं तर योजनेत जागा नाही. प्रामाणिक माणसाने गप्प बसावं, अशीच रचना.

आपल्याकडे गोष्ट याच्या उलटी बिघडते. बांधायला पैसे मिळतात, कारण बांधकामाचं भूमिपूजन होतं, लोकार्पण होतं, फलक लागतो. शौचालयाला १२,००० रुपये मिळाले (आपल्याकडेही बारा हजारच, फक्त रुपये). दोन खड्ड्यांचा संडास बांधायचा, एक भरला की दुसरा सुरू करायचा, पहिल्यातल्या मैल्याचं तोवर खत होतं, अशी ती योजना. ती चांगली आहे. पण कितीतरी ठिकाणी एकच टाकी बांधून तिचा पाइप थेट गटारात सोडलेला असतो. गटार नाल्याला, नाला खाडीला. चाळींच्या टाक्या तुंबल्या की गाडी बोलवायची, आणि ती गाडी रात्री कुठे रिकामी होते हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. गाडी परवडली नाही तर टाकी उपसायला आत माणूस उतरवतात. २०१३ च्या कायद्याने बंदी आहे, मृत्यू झाल्यास ३० लाख भरपाई द्या असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये बजावलं आहे, तरीही उतरवतात.

ऐरोलीकरांना माझं म्हणणं एवढंच: तुमची गटारं तुमच्या एकट्याच्या कराने झाली नाहीत. सिडकोने शहर वसवलं ते गावांकडून घेतलेल्या जमिनींवर. ऐरोली आणि कोपरखैरण्याची केंद्रं सांडपाणी इतकं शुद्ध करतात की ते कारखान्यांना विकता येतं, याचा अभिमान मलाही आहे. त्याच शहराचा शेजारी टाकी नाल्यात सोडतो, तेव्हा "तो आमचा नाही" म्हणून भागत नाही. आणि ठाण्याचा कचरा या चौदांतल्याच भंडार्लीत आला तेव्हा हद्दीचा प्रश्न कुणाला पडला होता?

पण नुसती मोठी रक्कम मागणाऱ्या मामांशीही मी सहमत नाही. डोंगर मध्ये आहे. मलवाहिन्या टाकायला, पंप बसवायला वर्षं जातील. तोवर आहेत त्या टाक्यांचं काय? ठरलेल्या मुदतीने टाक्या उपसायच्या, तो मैला टँकरने शुद्धीकरण केंद्रात न्यायचा, गळकी टाकी दुरुस्त करणाऱ्याला त्याने मागितल्यावर पैसे द्यायचे, हे काम पहिल्याच वर्षी सुरू होऊ शकतं आणि याला राज्य सरकारने दरवर्षी वेगळा निधी द्यायला हवा. कारण गाव महापालिकेत जाऊन ग्रामपंचायत गेली की वित्त आयोगाचा बंधित, म्हणजे ठरावीक कामांसाठीच वापरायचा निधीही जातो. पंधराव्या वित्त आयोगात त्यातला निम्मा स्वच्छतेसाठीच होता. ती तूट कोण भरणार, हे विलीनीकरणाच्या भाषणांत मी अजून ऐकलेलं नाही.