शंटिंगचं इंजिन कुणी पळवून बघतं का?

दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून शेवटी लिहायलाच बसले. लांबेल, पण वाचा.

आज सकाळी इथे न्यू जर्सीत मॉडेल ट्रेनच्या बाजारात गेले होते. शाळेचा मोठा हॉल, लांबच लांब टेबलं, जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यांचा वास. एका टेबलावरच्या गृहस्थांनी 44-टनर चाचणीच्या रुळावर ठेवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हे यार्डात शंटिंग, म्हणजे डबे हलवून जोडायचं-सोडायचं काम, करणारं छोटं डिझेल. मधोमध केबिन आणि दोन्ही बाजूंना बुटकी नाकं. आमच्या एचओ मापात, म्हणजे 1:87 मध्ये, त्याची लांबी जेमतेम 12 सेंटिमीटर. तळहातावर मावतं. त्या माणसाने नॉब एकदम शेवटपर्यंत फिरवला. इंजिन कर्र आवाज करत सुटलं आणि सांध्यावर, म्हणजे रुळाला फाटा फुटतो तिथे, जाऊन ठप्प. बोटाने ढकललं, परत सुटलं, परत ठप्प. "जंक," म्हणाला, आणि सुट्या भागांच्या खोक्यात वरून टाकून दिलं. ठेवलं नाही, टाकलं. त्याचं रेलिंग वाकलेलं मला दिसलं.

सगळा मिळून अर्धा मिनिट. अर्ध्या मिनिटात निकाल!

त्यावर आजूबाजूचे तिघे लगेच सुरू झाले. तिघांच्याही घरी हेच इंजिन आहे. एकाचं म्हणणं, फार आवाज करतं. दुसऱ्याचं म्हणणं, सहाच्या वर डबे लावले की चढावर चाकं जागच्या जागी फिरतात. तिसरा म्हणाला, प्रत्येक सांध्यावर बंद पडतं म्हणून तीन वर्षं कपाटात आहे. हे इंजिन किती हळू चालतं, हे तिघांपैकी एकानेही सांगितलं नाही. अहो, शंटिंगचं इंजिन आहे ते! डेक्कन क्वीनला लावायचंय का तुम्हाला?

माझे आप्पा दौंडला शंटिंग जमादार होते, हे माझ्या जुन्या मित्रमंडळींना ठाऊक आहे. मनमाडकडून पुण्याला जाणारी गाडी दौंडला आली की इंजिन काढून दुसऱ्या टोकाला लावायचं, हे ज्यांनी त्या मार्गावर प्रवास केलाय त्यांना आठवत असेल. लोक खाली उतरून चहा घ्यायचे, आणि तेवढ्या वेळात आप्पा दोन डब्यांच्या मध्ये उभे असायचे. 2019 मध्ये ते इथे आले, तेव्हा मी त्यांना तळघरात नेऊन माझा छोटा यार्ड दाखवला. वाटलं होतं, पोरीचा खेळ म्हणून कौतुक करतील आणि वर जाऊन झोपतील. ते स्टूल ओढून बसले. माझं 44-टनर सांध्यावर अडकलं, तशी मी त्या कंपनीच्या नावाने बोटं मोडायला लागले. आप्पा म्हणाले, "अगं, आधी रूळ बघ. मग इंजिनाला शिव्या घाल."

चष्मा काढून, नाक रुळाला लावून त्यांनी बघितलं. बोट फिरवलं. बोट काळं!

आता तांत्रिक सांगते, कारण आज तिथे कुणाला ऐकायचं नव्हतं. मॉडेलचं इंजिन रुळातली वीज चाकांमधून घेतं. सांध्यात जिथे दोन रूळ एकमेकांना छेदतात, तिथला तुकडा बऱ्याच सांध्यांमध्ये प्लास्टिकचा असतो. तिथे वीज नसते. लांब इंजिनाची पुढची चाकं त्या तुकड्यापलीकडे पोचलेली असतात आणि मागची अलीकडे असतात, त्यामुळे त्याला काही जाणवतच नाही. या लहानग्याची आठच चाकं, म्हणजे एका रुळावर चार, तीही जवळजवळ. दोन चाकं प्लास्टिकवर, दोन मळलेल्या रुळावर, की संपलं. उपाय आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोलने रूळ पुसा, चाकं पुसा. सांध्याच्या त्या तुकड्याला वीज द्या. डीसीसी, म्हणजे रुळातूनच डिजिटल आज्ञा देणारी पद्धत, असेल तर कीप-अलाइव्ह बसवा, तो छोटा कपॅसिटर तेवढा क्षण निभावून नेतो. सीव्ही म्हणजे इंजिनातल्या चिपची सेटिंग. सीव्ही 2 जरा वाढवा, म्हणजे सुरुवातीलाच पुरेसा व्होल्टेज मिळतो. सीव्ही 3 आणि 4 वाढवलेत तर सुटताना आणि थांबताना हिसका बसत नाही. एका संध्याकाळचं काम आहे. तीन वर्षं कपाटात ठेवण्याइतकं मोठं दुखणं नाही हे.

डबे ओढत नाही म्हणे. खरं इंजिन 88,000 पाउंडांचं, म्हणजे 44 अमेरिकी टन, आपले सुमारे 40 टन. ते लांबी, रुंदी, उंची अशा तिन्ही बाजूंनी 87 ने भागा. 60 ग्रॅम येतात. आजच्या सोनाराच्या हिशेबाने सहा तोळे. कंपन्या आत धातूचा ठोकळा घालून त्याहून जास्त वजन देतात, तरी तक्रार आहेच. माझा यार्ड म्हणजे इंगलनुक, डबे क्रमाने लावायचं एक कोडं. तीन लाईनी, एकीत पाच डबे मावतात, दुसऱ्या दोघींत तीन-तीन. आठ डब्यांतून पाच ठरलेल्या क्रमाने लावायचे. असे क्रम 6,720 होतात. आणि या सगळ्या खेळात इंजिनाला एका वेळी तीनच डबे घ्यायचे असतात, कारण पुढची लाईनच तेवढी असते. सहा वर्षं खेळतेय, अजून कंटाळा आलेला नाही.

खऱ्या 44-टनरचा जन्मही हलकं असण्यासाठीच झाला. 1937 मध्ये अमेरिकेत रेल्वे कंपन्या आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला की चाकांवर 90,000 पाउंड किंवा जास्त वजन असेल तर डिझेलवरही फायरमन, म्हणजे ड्रायव्हरच्या जोडीला दुसरा माणूस, हवा. म्हणून जनरल इलेक्ट्रिकने त्याच्या आतलं वजन धरून हे बनवलं, 1940 ते 1956. एकेका नाकाखाली 190 अश्वशक्तीचं एकेक इंजिन. यात एका माणसाच्या भाकरीवर गदा आली हे मला, जमादाराच्या मुलीला, आवडत नाही. ते मान्य करून पुढे जाते. पण पेनसिल्व्हेनिया रेलरोडसारख्या बड्या कंपनीनेही ती घेतली आणि गल्लीबोळातल्या कारखान्यांच्या लाईनींवर राबवली. हे इंजिन कमी आहे असं म्हणणाऱ्यांनी थोडा इतिहास तरी बघावा. आमच्या इथल्या जर्सी सेंट्रल रेल्वे कंपनीचं 1000 नंबरचं इंजिन, व्यापारी कामात यशस्वी झालेलं पहिलं डिझेल-इलेक्ट्रिक, 1925 चं. तेही शंटिंगचंच! ब्रॉन्क्सच्या यार्डात 1957 पर्यंत डबे ढकलत राहिलं. आज बाल्टिमोरच्या संग्रहालयात आहे. डिझेल आधी यार्डात शिकलं, मग मेन लाईनवर गेलं.

बरं, आवाजाचं खरं आहे. आणि काही जुन्या मॉडेलांत चाकांच्या आसावरचा प्लास्टिकचा गिअर तडकतो, हेही खरं आहे, आणि एवढे पैसे घेऊन असं व्हायला नको. झालं, मान्य केलं.

पण मला राग कशाचा येतो सांगू? वेगाचा. शंटिंगला भारतीय रेल्वेत साधारण ताशी 15 किलोमीटरची मर्यादा असते. आमच्या मापात ते सेकंदाला पाच सेंटिमीटरसुद्धा होत नाहीत. जोडणीच्या वेळी तर त्याहून कितीतरी कमी. त्या दिवशी तळघरात रूळ पुसून झाल्यावर आप्पा उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला. हातात झेंडी नव्हती, माझं स्वयंपाकघरातलं हिरवं फडकं होतं. मनगटातून ते फिरवायला लागले. जोडणीसाठी हळू ये, ही ती खूण. सुरुवातीला मनगट भराभर फिरतं. डबे जवळ येतात तसं हळू, आणखी हळू. ड्रायव्हरने डबा बघायचा नसतो, मनगट बघायचं असतं. मी नॉबवर बोट ठेवून फक्त त्यांच्या हाताकडे बघत होते. वेगाच्या 128 पायऱ्यांपैकी चौथी, तिसरी, दुसरी. इंजिन चालतंय की उभं आहे कळेना. मग टक् असा इतका बारीक आवाज आला, कपलर लागला, आणि डबा जागचा हलला नाही. आप्पांनी हात खाली घेतला. नोकरीत असताना घरी कधी फार बोलले नाहीत ते. त्या रात्री दोन वाजेपर्यंत बोलत होते. कुठल्या लाईनीला उतार होता, पावसाळ्यात कुठे घसरायचं, थंडीत हात कपलिंगच्या लोखंडाला कसे चिकटल्यासारखे व्हायचे. लहानपणी मला फक्त त्यांच्या कपड्यांचा ग्रीसचा वास माहीत होता.

म्हणून आज "जंक" ऐकून मला सहन झालं नाही. ज्याला काम कळलं नाही त्याने कामकऱ्याला नावं ठेवू नयेत. लिहितानाही परत हात थरथरतोय.

मी ते इंजिन त्या खोक्यातून उचललं. माणूस म्हणाला, वीस डॉलर दे. घासाघीस केली नाही. घरी येऊन रुळावर ठेवलं. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला टिक्, टिक्, म्हणजे गिअर तडकलेलाच. माझ्याकडे सुटे गिअर आहेत. चाकांवरचा मळ कापसाच्या बोळ्याने काढला, बोळा काळाकुट्ट. रेलिंग चिमट्याने सरळ केलं, रंग थोडा उडालाय.

आत्ता रात्रीचे साडेदहा, दौंडला सकाळचे आठ. आप्पांना व्हिडिओ कॉल केला होता. 81 वर्षांचे आहेत, हल्ली कमी ऐकू येतं. इंजिन कॅमेऱ्यासमोर धरलं तर म्हणाले, "उलटं कर, खालून दाखव." खालून दाखवलं. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "कुणी पळवलं गं याला असं?"

उद्या गिअर बदलते. आईला सांगून ठेवलंय, रविवारी रात्री त्यांना झोपू देऊ नकोस, मी इथल्या दुपारी फोन करेन. हिरवं फडकं तिकडेही आहे.