‘ती तर वाफच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा भागातल्या गावांच्या ग्रुपवर एक मेसेज दर उन्हाळ्यात नव्यानं फिरतो. त्याचं म्हणणं असं : थर्मलमधून, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रातून, निघतो तो धूर नाही, पाण्याची वाफ आहे. 99.9 टक्के राख यंत्रात अडकते. जी राहते ती शेताला खतच. आणि वीज वापरता ना, मग ओरडता कशाला?

वाफेचं अर्धं खरं आहे. बुटके, कमरेत आवळलेले रुंद मनोरे दिसतात ना, त्यांतून वाफच निघते. पण शेजारच्या उंच, बारीक चिमणीतून जळालेल्या कोळशाचा धूर बाहेर पडतो. मेसेजमध्ये फोटो मनोऱ्याचा टाकलाय आणि निष्कर्ष चिमणीबद्दल काढलाय.

आता 99.9 टक्के. राख पकडणारं यंत्र, ईएसपी, नीट चाललं तर खरोखर एवढी पकडतं. पण हिशेब मांडून बघा. 500 मेगावॉटचा वीजनिर्मितीचा एक संच दिवसभर पूर्ण भारानं चालला की 1.2 कोटी युनिट होतात. युनिटला पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा धरला तरी रोजचा 8 हजार टनांवर जातो. आपल्या कोळशात राख 30-40 टक्के. म्हणजे अडीच-तीन हजार टन राख रोज, एका संचाची. तिचा बराचसा भाग धुरासोबत उडतो, आणि त्यातला 0.1 टक्का सुटला तरी दोनेक टन बाहेर. चंद्रपूरला असे 5 संच आहेत, शिवाय 210 मेगावॉटचे 2.

हे झालं राखेचं. वायूला ईएसपी अडवतच नाही. भारतीय कोळशात गंधक कमी, अर्धा टक्का म्हणा. तरी 8 हजार टनांत 40 टन गंधक आलं, आणि जळून त्याचा 80 टन सल्फर डायऑक्साइड झाला. हवेत तोच पुढे बारीक कण बनतो. त्यावर उपाय एफजीडीचा, म्हणजे धुरातून हा वायू काढून घेणाऱ्या यंत्रणेचा. या वायूची मर्यादा डिसेंबर 2015 मध्ये ठरली, मुदतवाढी मिळत गेल्या, आणि जुलै 2025 मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना एफजीडीतून सूटच मिळाली. मेसेजवाला यावर गप्प आहे.

खताची गोष्ट तर भारीच. नत्र कोळशासोबत जळून जातं, राखेत ते जवळपास नसतंच. राख माती भुसभुशीत करते, हे मान्य. पण तपासून, मोजून टाकली तर. आपली काळी जमीन आधीच विम्ल (अल्कधर्मी), आणि राखेत आर्सेनिक, बोरॉनसारखे घटकही असतात. विटा-सिमेंटला ती जरूर जावी. जुलै 2022 मध्ये कोराडी केंद्राचा खसाळ्याचा राख साठवायचा बंधारा फुटला तेव्हा राखेचा गाळ शेतांत शिरला, कोलार नदीतून कन्हानकडे गेला. त्याला कोणी खत म्हटलं नाही. एरवीही बंधारा सुकला की वाऱ्यावर राख उडते. वेचणीला आलेल्या बोंडावर बसली की कापसाचा भाव व्यापारी ठरवतो, मेसेजवाला नाही.

पाण्याबाबत एक श्रेय द्यायला हवं : कोराडीला नागपूरचं सांडपाणी शुद्ध करून वापरतात. चांगलं आहे. दुसरीकडेही करा.

राहिली वीज. ती आम्ही फुकट मागत नाही. कृषिपंपाला ती आठवड्याच्या पाळीनं मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. रात्रीची पाळी आली की अंधारात ओलीत, पायाखाली साप. चिमणी दिसते त्या शिवारातही हेच. ईएसपीचे रोजचे आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा, बंधाऱ्याची तपासणी पावसाळ्याआधी गावासमोर करा, एवढंच मागणं आहे. यात वीज बंद करा असं कुठं म्हटलंय?