हिरव्या बटणाचे एक वर्ष

बेळगावच्या टिळकवाडीतील तिसऱ्या रेल्वे गेटाजवळ एका बंद दुकानाची पायरी आहे आणि गेली अनेक वर्षे तोच आमचा कट्टा आहे. उद्यमबागेतील पाळी सुटून माणसे घराकडे निघतात, तेव्हा आमचा चहा आलेला असतो. त्या दिवशी विषय निघाला तो मिस्त्रींच्या भाच्यावरून. मिस्त्री म्हणजे पस्तीस वर्षे यंत्रांवर काढून निवृत्त झालेले आमचे सेटर, म्हणजे यंत्र कामासाठी लावून देणारे. त्यांच्या भाच्याने आयटीआयमध्ये टर्नरची, म्हणजे लेथकामाची, दोन वर्षे पूर्ण केली, नंतर इथल्याच एका कारखान्यात वर्षभर अप्रेंटिसशिप केली आणि मागच्या आठवड्यात तो कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत मुलाखतीला गेला. तिथे त्याला सीएनसीसमोर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रासमोर, उभे करून एवढेच सांगितले, की इन्सर्ट (कापणारे पाते) बदल आणि पहिला जॉब (यंत्रावर घडवायचा नग) मापात काढून दाखव. मुलाला ते जमले नाही, कारण वर्षभर त्याने जॉब लावला होता, दार ओढले होते, हिरवे बटण दाबले होते आणि जॉब काढला होता. ऑफसेटचे पान, म्हणजे यंत्राच्या पडद्यावर टूलचे माप दुरुस्त करण्याचे पान, उघडण्याची त्याला मनाईच होती.

“म्हणून म्हणतो, मुलांना पदवी करू द्या,” असे मास्तर लगेच म्हणाले. मराठी शाळेत तीस वर्षे शिकवलेला हा माणूस आहे. दहावीच्या निकालानंतर अनगोळ-वडगावच्या आया अजूनही त्यांच्या दारात उभ्या राहतात. सरकारच जिथे उतरंड लावते तिथे पालकांना दोष का द्यायचा, असे त्यांचे म्हणणे होते. कर्नाटकाच्या युवानिधी योजनेत नोकरी न मिळालेल्या पदवीधराला महिना 3000 रुपये आणि डिप्लोमाधारकाला 1500 रुपये मिळतात. म्हणजे बेकारीतसुद्धा हाताने काम करणाऱ्याची किंमत निम्मी. शिवाय मराठी माध्यमातून दहावी झालेला मुलगा आयटीआयला गेला, की तिथले शिकवणे कन्नड आणि इंग्रजीत. हुशार मुलगाही पहिले सहा महिने नुसता ऐकत बसतो.

यावर मिस्त्री म्हणाले, की ड्रॉइंगला माध्यम नसते. भाषेचा मुद्दा मला त्यांच्याइतका सहज सोडून देता येत नाही, कारण धोक्याच्या पाट्या कन्नडमध्ये असतात आणि सरकारी कचेरीतला अर्जही कन्नडमध्येच असतो; ती भाषा आली नाही तर मुलगा यंत्रावर टिकेल, पण सुपरवायझर होणार नाही. तरीही शॉपमध्ये मराठी, कन्नड आणि हिंदीची जी मिसळ बोलली जाते, तिच्यात आमच्या मुलांचे अडत नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. पुढच्या शिक्षणाचे दारही बंद नसते, हे आमच्या कट्ट्यावरच्या बँकवाल्यांनी सांगितले. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते आणि डिप्लोमानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला. ही वाट लांबची खरी; पण दहावीनंतर दोन वर्षे आयटीआय आणि एक वर्ष अप्रेंटिसशिप केलेला मुलगा एकोणिसाव्या वर्षी कमावू लागतो आणि अभियंता बाविसाव्या वर्षी नोकरी शोधायला निघतो, हा हिशेब मास्तरांनाही खोडता आला नाही.

खरा वाद पेटला तो शेठ आल्यावर. शेठचे स्वतःचे चाळीस माणसांचे मशीन शॉप आहे. फाउंड्रीतून येणारे कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घ्यायचे, त्यात मापाचे भोक, म्हणजे बोअर, करून पाठवायचे, असे त्यांचे काम. त्यांनी कायदाच पुढे ठेवला. 1961 चा अप्रेंटिस कायदा 30 किंवा अधिक माणसांच्या कारखान्याला बंधनकारक आहे आणि मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावे लागतात. म्हणजे त्यांच्याकडे एक ते सहा. त्यांनी दोन घेतले आहेत. 2019 च्या नियमदुरुस्तीने किमान विद्यावेतन शिक्षणानुसार महिना 5000 ते 9000 रुपये केले, त्यातला एक चतुर्थांश भाग, जास्तीत जास्त 1500 रुपये, केंद्र सरकार देते. बाकीचे शेठनी द्यायचे. कायद्याच्या लेखी अप्रेंटिस हा कामगार नव्हे, शिकाऊ आहे. तेव्हा वर्ष संपल्यावर त्याला कायम करण्याची सक्तीही नाही. “मग माझी चूक कुठे आहे, ते सांगा,” असे त्यांनी विचारले.

मिस्त्रींनी चहाचा पेला खाली ठेवला. त्यांनी जे सांगितले ते जवळजवळ जसेच्या तसे लिहितो, कारण त्या संध्याकाळी मला त्यातूनच काही कळले. समजा बेअरिंगच्या बोअरचे काम चालू आहे. इन्सर्ट झिजला, नवा लावला, पहिला जॉब काढला आणि बोअर गेज लावला तर बोअर वीस मायक्रॉन, म्हणजे 0.02 मिलिमीटर, लहान आला. ऑफसेटच्या पानावर एक्समध्ये, म्हणजे व्यासाच्या रकान्यात, अधिक 0.02 घालायचे, इतकेच काम असते. पण पोराने दशांशचिन्ह चुकवले आणि 2.0 घातले, तर टूल दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर आत घुसते, इन्सर्ट फुटतो आणि कास्टिंग भंगारात जाते. त्याहून वाईट म्हणजे त्याने जॉब गरम असतानाच मोजला, तर बोअर मोठा दिसतो. तो समजतो माप बरोबर आले, आणि गार झाल्यावर बेअरिंग बसत नाही. जॉब गार होईपर्यंत थांबायचे असते, हे पुस्तकातही असते. पण पुस्तकात वाचून कोणी थांबत नाही. शेजारी उभा असलेला माणूस हात धरून थांबवतो, तेव्हा ते अंगवळणी पडते. “मला ज्याने थांबवले, त्याने माझ्या हातावर गेजची पेटी मारली होती,” असे सांगून ते हसले.

“आणि तो शेजारी उभा राहणारा माणूस कुठून आणू?” असे शेठ म्हणाले. त्यांच्याकडे सेटर दोन. एकेकाकडे पाच-पाच यंत्रे. ज्या कंपनीचे काम ते करतात ती नगावर पैसे देते, आणि सेटर पोराजवळ अर्धा तास उभा राहिला तर बाकीची चार यंत्रे त्याची वाट पाहतात. त्यात पोराने टूल चकला, म्हणजे जॉब पकडणाऱ्या भागाला, धडकवले, तर दुरुस्तीचा खर्च त्या पोराच्या वर्षभराच्या विद्यावेतनाइतका येऊ शकतो. म्हणून सेटर ऑफसेटच्या पानाला कुलूप लावतो. भाच्याच्या कारखान्यात काय घडले असेल, हे त्यांना आमच्यापेक्षा लवकर कळले, आणि त्यांनी ते लपवले नाही, याचे मला कौतुक वाटले.

मास्तरांनी इथे जर्मनी काढली. कट्ट्यावर जर्मनी निघाली की सहसा चर्चा भरकटते, पण या वेळी तिचा उपयोग झाला. तिथे 1969 च्या कायद्याने चालणारे हे शिक्षण बहुतेक व्यवसायांत तीन ते साडेतीन वर्षांचे असते. मुलगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतो, आणि शेवटची परीक्षा उद्योगांच्या चेंबरचे लोक घेतात. मुख्य म्हणजे कारखान्यात शिकवणाऱ्या माणसाचीही पात्रता तपासली जाते. त्याला शिकवण्याची परीक्षा द्यावी लागते. आमच्याकडे मुलाची परीक्षा होते, विद्यावेतन थेट बँकेत जाते, महिने मोजले जातात. शिकवणाऱ्याचे तास मात्र कोणाच्याच खात्यात नसतात. मी आयुष्यभर हिशेब लिहिले आहेत, म्हणून हे मला खटकले. ज्या खर्चाला सदर नसते तो खर्च कोणी करत नाही.

बँकवाल्यांना हे सगळे फार सूक्ष्म वाटले. त्यांचा सल्ला सरळ होता: हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये अर्ज करा. तिथे अप्रेंटिसशिप पूर्ण केलेल्यांसाठी रेल्वेच्या सर्वांत खालच्या श्रेणीच्या थेट भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. पण त्यासाठीही लेखी परीक्षा द्यावी लागते, आणि गावोगावची मुले तीच देत असतात. मुलींचा प्रश्न मास्तरांनी काढला तेव्हा कोणाकडेच धड उत्तर नव्हते. शिवणकामाचे नाव घेऊन आम्ही गप्प बसलो, ते काही शोभले नाही.

मग मिस्त्रींनी भाच्याची डायरी पिशवीतून काढली. अप्रेंटिसने रोजचे काम लिहायचे आणि वरच्याने सही करायची, अशी ती वही. दहाव्या महिन्याच्या पानांवर “टूल सेटिंग, ऑफसेट दुरुस्ती” असे सुबक अक्षरात लिहिले होते आणि खाली ठसठशीत सही होती. कोणी लिहायला सांगितले, असे विचारल्यावर मुलाने मामाला सांगितले होते, की सगळेच तसे लिहितात. शेठनी ती वही बराच वेळ चाळली. त्यांच्या दोन मुलांच्या डायऱ्या सोमवारी सहीसाठी त्यांच्या टेबलावर येणार होत्या.

सही करण्यापूर्वी प्रत्येकाकडून एक जॉब लावून घेतो, असे ते शेवटी म्हणाले. शेजारी कोण उभे राहणार, असे मिस्त्रींनी विचारले. “तुम्हीच या की,” असे शेठ म्हणाले. मिस्त्री यायला तयार होते. फक्त दोन मुलांचे मिळून किती तास धरायचे आणि तासाचा दर काय, एवढेच ठरायचे होते. शेठ दोन तास म्हणत होते. जॉब गार व्हायलाच वेळ लागतो, म्हणून मिस्त्री चारवर अडले होते, आणि आम्ही उठलो तेव्हा बोलणे तीन तासांपर्यंत आले होते. दर अजून ठरायचा होता.