कपड्यांप्रमाणे पिस्तूल बदलू नका

गेले काही आठवडे अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतोय. मला तो तिघांकडून आला. त्यातल्या एकीने खाली लिहिलं होतं, ‘ताई, तू रोज पिस्तूल बाळगतेस ना, हे सगळं बरोबर आहे का गं?’

संदेश थोडक्यात असा: टेक्साससारख्या राज्यांत आता परवाना लागत नाही, तेव्हा कुणीही पिस्तूल घ्यावं आणि कमरेला लावून निघावं. जितकं छोटं तितकं चांगलं. बायकांनी तर छोटं रिव्हॉल्व्हरच घ्यावं. एकावर अडून बसू नका, दोन-तीन ठेवा, कपडे आणि ऋतू बघून बदला. चेंबरमध्ये (नळीमागच्या, सुटायला तयार गोळी बसते त्या जागेत) गोळी ठेवू नका, म्हणजे होल्स्टरचा (पिस्तूल ठेवायच्या म्यानाचा) खर्च वाचतो, पर्समध्ये टाकलं तरी चालतं. आणि नाइन एमएमच्या गोळीत दम नाही, त्याहून जाड पॉइंट फोर फाइव्हच घ्या.

लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असेल असं मला वाटत नाही. आपल्या माणसांनी सुरक्षित राहावं असंच त्याला वाटत असणार. पण यातला एकेक सल्ला नवख्या माणसाला जखमी करू शकतो, नाहीतर तुरुंगात पोचवू शकतो. मी ह्यूस्टनजवळ राहते, इथली नागरिक आहे आणि सहा वर्षं रोज पिस्तूल बाळगते. सुरुवातीला यातल्या दोन चुका मीही केल्या आहेत. म्हणून ओळीने उत्तर देते.

‘परवाना लागत नाही, कुणीही बाळगा’

परवान्याचं खरं आहे, ‘कुणीही’ खोटं आहे. १ सप्टेंबर २०२१ पासून टेक्सासमध्ये २१ वर्षांवरच्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. मात्र कायद्याने ज्याला शस्त्र ठेवायला मनाई नाही, अशाच माणसाला. आणि ती मनाई आपल्या ग्रुपांवरच्या कितीतरी जणांना लागू आहे. एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ हे सगळे ‘नॉनइमिग्रंट’, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचे व्हिसा. अशा व्हिसावर आलेल्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवणं हा फेडरल, म्हणजे केंद्रीय कायद्याखालचा गुन्हा आहे, आणि २०२२ पासून त्याची कमाल शिक्षा १५ वर्षं आहे. राज्याने परवान्याची अट काढली म्हणून फेडरल कायदा बदलत नाही. नेमबाजीच्या रेंजवर मित्राचं पिस्तूल हातात घेऊन चार गोळ्या झाडणंसुद्धा ‘जवळ बाळगणं’ ठरू शकतं.

राज्याकडून मिळालेला शिकारीचा परवाना हातात असेल तर कायद्यात अपवाद आहे. तो खरा आहे, पण त्याच्या भरवशावर रोज कमरेला पिस्तूल लावून फिरायचा विचार वकिलाला विचारल्याशिवाय करू नका. इथे चूक झाली तर खटल्याबरोबर इतक्या वर्षांची ग्रीन कार्डाची रांगही जाते. ग्रीन कार्ड हातात आलेल्यांना ही मनाई लागू नाही. आणि ‘मग बायकोच्या नावावर घेऊ’ हा मार्ग तर अजिबात नको. दुकानात जो फॉर्म भरावा लागतो त्यावर खरा खरेदीदार तुम्हीच का, असा थेट प्रश्न असतो. दुसऱ्यासाठी, त्यातही मनाई असलेल्या माणसासाठी खरेदी करून तिथे ‘हो’ लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे.

परवाना लागत नसला तरी मी तो काढलेला आहे. शाळेच्या आवारापासून १००० फुटांच्या आत पिस्तूल बाळगायला फेडरल कायद्याची बंदी आहे, आणि त्यातून सूट मिळते ती त्या राज्याचा परवाना असणाऱ्याला. उपनगरात गाडी चालवताना दिवसातून किती वेळा शाळेजवळून जावं लागतं ते मोजून बघा. शाळेच्या इमारतीत मात्र परवान्यानेही नेता येत नाही. आपले गणपती आणि दिवाळीचे कार्यक्रम बऱ्याच वेळा शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने घेऊन होतात, तेव्हा तिथे येताना ते घरीच ठेवून या. इलिनॉय, कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क ही राज्यं टेक्सासचा परवाना मानत नाहीत, तेव्हा शिकागोच्या बहिणीकडे निघण्याआधी वाटेतल्या प्रत्येक राज्याचा नियम वाचा.

‘जितकं छोटं तितकं चांगलं’

हा गैरसमज सगळ्यात पसरलेला आहे. दुकानात छोटं पिस्तूल तळहातावर ठेवलं की किती सोयीचं वाटतं! झाडायला घेतलं की कळतं. गोळीचा जोर तेवढाच राहिला आणि पिस्तूल हलकं झालं, तर धक्का हाताला जास्त बसणार.

दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीबरोबर रेंजवर गेले होते. तिच्या नवऱ्याने तिला थ्री-एटी मापाच्या गोळीचं, खिशात मावणारं पिस्तूल आणून दिलं होतं, वजन पाव किलोच्या थोडं वर. मूठ इतकी आखूड की तिची करंगळी हवेत राहत होती. पहिल्या मॅगझीनला (मुठीत बसणाऱ्या गोळ्यांच्या पेटीला) ती हसत होती. दुसऱ्याला अंगठा आणि तर्जनीमधली जागा लाल झाली. तिसऱ्याला मी कागदाकडे न बघता तिच्या चेहऱ्याकडे बघत होते: चाप ओढायच्या आधीच ती डोळे मिटत होती. सात यार्डांवरच्या कागदावर सगळी भोकं खाली डावीकडे. मग मी तिला भाड्याने घेतलेलं ग्लॉक १९ हे मध्यम आकाराचं पिस्तूल दिलं, संदेशाच्या मते ‘बायकांना जड’ असणारं. दहा गोळ्यांत तिचे डोळे उघडे राहायला लागले. शेवटच्या पाच माझ्या तळव्याएवढ्या जागेत बसल्या.

ग्लॉक १९ सगळ्यांनी घ्यावं असं मी म्हणत नाही. माझ्या बारीक अंगकाठीला ते उन्हाळ्यात लपत नाही, म्हणून मी सिग कंपनीचं पी-३६५ बाळगते. २०१८ मध्ये ते आलं तेव्हा साधारण इंचभर जाडीच्या पिस्तुलात १० गोळ्यांचं मॅगझीन बसवलेलं होतं. त्याआधी एवढ्या आकारात सहा-सात गोळ्यांवर भागवावं लागे. त्यानंतर जवळजवळ प्रत्येक कंपनीने तसं मॉडेल काढलं. म्हणजे ‘छोटं नाहीतर मोठं’ अशी निवड करायची वेळ आता उरलेली नाही, मधलं माप सहज मिळतं.

बायकांसाठी रिव्हॉल्व्हर सुचवणाऱ्यांनी एकदा त्याचा चाप स्वतः ओढून बघावा. पाच गोळ्यांचं हलकं रिव्हॉल्व्हर अर्धा किलोचंही नसतं, आणि चाप ओढायला पाच किलोच्या आसपास जोर लागतो. त्या जोराने नळी हलते. समोरची नेमबाजीची खूणही बारीक असते. ज्याच्या हातात स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढायची ताकद नाही, संधिवात आहे, त्याला ते खरंच उपयोगी. मुरलेली माणसंही जास्तीचं म्हणून खिशात ठेवतात. नवशिक्या बाईच्या हातात ‘सोपं’ म्हणून देण्याची ती वस्तू नाही.

‘दोन-तीन ठेवा, बदलत राहा’

माझी पहिली मोठी चूक हीच. आठवडाभर ग्लॉक, शनिवार-रविवारी १९११ नावाच्या जुन्या मॉडेलच्या पद्धतीचं, कारण ते देखणं होतं आणि चपटं असल्याने जाकिटाखाली छान बसायचं. ग्लॉकला बाहेर अंगठ्याने दाबायचा सेफ्टीचा खटका नसतो. १९११ ला असतो, आणि तो खाली केल्याशिवाय गोळी सुटत नाही. एका शनिवारी प्रशिक्षकाने टायमर लावला. बीप झाला, मी पिस्तूल काढलं, रोखलं, चाप ओढला आणि काहीच झालं नाही. पुन्हा ओढला. मग डोक्यात प्रकाश पडला. पहिली गोळी सुटेपर्यंत साडेतीन सेकंद गेले होते. एरवी मला त्याच्या निम्मेही लागायचे नाहीत. प्रशिक्षक रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘तुझ्या हाताला आज कोणता वार आहे ते माहीत नाही.’

हाताला वार कळत नाही, हे अगदी खरं आहे. प्रत्येक पिस्तुलाच्या मुठीचा कोन वेगळा असतो. १९११ ची सवय असलेल्याने ग्लॉक उचललं की नळी थोडी वर रोखली जाते. चाप कुठे अडतो, कुठे सुटतो, मॅगझीन सोडायचं बटण कुठे आहे, हे शेकडो वेळा केल्यावर अंगात उतरतं, आणि बदललं की पुन्हा पहिल्यापासून. घाबरलेल्या अवस्थेत माणूस विचार करत नाही, हात नेहमीचंच करतात.

पैशांचंही बघा. पिस्तूल बदललं की होल्स्टर, जादा मॅगझिनं, सगळं नवं. एका पिस्तुलाच्या किमतीत नाइन एमएमच्या हजारावर गोळ्या येतात. त्या एकाच पिस्तुलातून वर्षभर झाडल्यात तर जे येईल, ते तीन पिस्तुलं विकत घेऊन येणार नाही.

राहिला प्रश्न कपड्यांचा. कपडे पिस्तुलाप्रमाणे घ्यायचे, उलटं नाही. ताठ, जाड पट्टा. शर्ट एक माप मोठा, शक्यतो बारीक नक्षीचा, म्हणजे उठाव दिसत नाही. साडी नेसते त्या दिवशी ते नीट बसेल अशी जागा मला आजवर सापडलेली नाही, म्हणून त्या दिवशी पिस्तूल घरच्या तिजोरीत राहतं. अर्धवट जागी अडकवण्यापेक्षा ते परवडलं.

कधीच बदलू नये असं नाही. हाताचं ऑपरेशन झालं, नजर बदलली, किंवा पिस्तुलातच खोट निघाली तर बदलावंच. २०१७ मध्ये सिगचं पी-३२० हे पिस्तूल पडल्यावर आपोआप गोळी सुटू शकते असं समोर आल्यावर सिगने ती मोफत दुरुस्त करून देण्याची योजना काढली होती. अशा वेळी हट्ट नको. पण बदलायचं ते पूर्ण बदला, आणि नवं नीट हातात बसेपर्यंत त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

‘चेंबर रिकामं ठेवा, होल्स्टर नको’

या सल्ल्यात दोन गोष्टींची सरमिसळ आहे. चेंबर रिकामं असेल तर आयत्या वेळी स्लाइड ओढायला दोन्ही हात मोकळे लागतात. एका हाताला मूल असेल, किंवा त्याच हाताने हल्ला अडवत असाल, तर काय करणार? पण ज्याने अजून वर्गच केलेला नाही, त्याने भरलेलं चेंबर ठेवून फिरावं असंही मी म्हणणार नाही. त्याने आधी शिकावं, मग बाळगावं.

होल्स्टर मात्र पहिल्या दिवसापासून लागतंच. चाप पूर्ण झाकणारं, कडक, त्याच पिस्तुलाच्या मापाचं. २००८ मध्ये न्यूयॉर्क जायंट्सचा फुटबॉलपटू प्लॅक्सिको बरेस नाइटक्लबमध्ये पँटच्या कमरेत नुसतंच ग्लॉक खोचून गेला. ते घसरलं आणि गोळी त्याच्याच मांडीत गेली. पुढे तुरुंगवास झाला तो वेगळाच.

आणि होल्स्टर असूनही घाई चालत नाही. माझ्या जाकिटाच्या कडेला दोरी आहे, तिच्या टोकाला प्लॅस्टिकचा छोटा खटका. एकदा पिस्तूल परत ठेवताना किंचित अडल्यासारखं वाटलं. थांबले, वाकून बघितलं. तो खटका होल्स्टरच्या तोंडात शिरला होता, चापाच्या अगदी समोर. जोर दिला असता तर त्याने बोटासारखा चाप दाबला असता. त्या रात्री मी ती दोरी कापून टाकली. तेव्हापासून ठेवताना जाकीट बाजूला, नजर होल्स्टरवर, आणि अगदी सावकाश. काढताना घाई असू शकते, परत ठेवताना कधीच नसते.

पर्सबद्दल फार लिहवत नाही. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोतल्या हेडन गावी एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समध्ये हात घातला आणि तिथेच त्याची आई गेली. ती पर्स पिस्तुलासाठी खास कप्पा असलेली होती. शिवाय पर्स आपण खुर्चीवर ठेवतो, विसरतो, दुसऱ्याच्या हातात देतो. २०२३ मध्ये विमानतळांच्या तपासणीत ६,७३७ बंदुका सापडल्या, बहुतेक भरलेल्या. पकडलेल्यांचं ठरलेलं उत्तर: बॅगेत आहे हे विसरलो. अंगावर, रोज एकाच जागी असलेली वस्तू सहसा विसरली जात नाही.

‘नाइन एमएममध्ये दम नाही’

हे ऐंशीच्या दशकातलं बोलणं आहे. ११ एप्रिल १९८६ ला मायामीत एफबीआयचे दोन एजंट चकमकीत मारले गेले. नाइन एमएमची एक गोळी हल्लेखोराच्या हृदयाच्या जरा अलीकडे थांबली होती. त्यानंतर एफबीआयने गोळ्यांच्या कसून चाचण्या सुरू केल्या, मोठ्या गोळीकडे वळले, आणि तीस वर्षांच्या आत पुन्हा नाइन एमएमवरच आले. कारण दरम्यान गोळीची बनावट सुधारली, आणि कमी धक्क्यामुळे एजंटांचा नेम जास्त चांगला लागत होता. विषय तिथे संपला.

संदेशात जे नाहीच

पिस्तूल रात्री कुठे असतं, याबद्दल एक ओळ नाही. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. घरात मूल असेल, किंवा कुणी मनाने खचलेलं असेल, तर कुलुपाची तिजोरी पिस्तुलाच्या आधी विकत घ्या. घरातलं कुणी कठीण काळातून जात असेल तर पिस्तूल काही दिवस घराबाहेर, कायद्याने ठेवू शकेल अशा विश्वासू माणसाकडे द्या. लाज बाळगू नका. आत्महत्येचे विचार किंवा मानसिक संकट असेल तर मदतीचा ९८८ हा नंबर चोवीस तास चालू असतो.

आता जिने मला विचारलं तिला. तू अजून एच-४ वर आहेस, त्यामुळे तुझं उत्तर पहिल्याच मुद्द्यात आहे. कार्ड हातात येईपर्यंत रेंजवरसुद्धा हात लावू नकोस, आणि नवऱ्यालाही हे वाचायला दे. दरम्यान मी पिस्तुलाबरोबर रोज आणखी एक गोष्ट बाळगते, ती तुलाही बाळगता येईल: टूर्निकेट, म्हणजे रक्त थांबवायला हातापायाला आवळायचा पट्टा. रक्तस्राव थांबवायला शिकवणारा ‘स्टॉप द ब्लीड’चा वर्ग दोन तासांत होतो, त्याला व्हिसा विचारत नाहीत. गाडीच्या अपघातात त्याची गरज पिस्तुलापेक्षा कितीतरी आधी पडेल. पुढचा वर्ग कधी आहे ते बघून तुला कळवते, आपण दोघी जाऊ.